पोटातल्या बाळाचं वजन कमी दिसतंय, तेव्हा नेमकं काय बघायचं?

एका गरोदर बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलं बाळंतपण, ३२ वा आठवडा. सोनोग्राफीत बाळाचं वजन १६०० ग्रॅम, ‘८ वा पर्सेंटाइल’, डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) नॉर्मल. डॉक्टर म्हणतात दोन आठवड्यांनी परत बघू. सासूबाई म्हणतात आमच्याकडे सगळेच बारीक, काळजी नको. त्या विचारतात: हे आधी कुणाला दिसलं कसं नाही? प्रोटीन पावडर किंवा सलाईनने वजन वाढेल का? जन्मल्यावर बाळ नॉर्मल असेल ना? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘पुढच्या आठवड्यात माहेरी जाणार आहे.’

ती शेवटची ओळ मी आधी घेते. माहेरी जरूर जा, पण आतापर्यंतचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट सोबत न्या. त्यातही पहिला, ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यानचा, विसरू नका. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, सोनोग्राफीचं सेंटर बदलतं आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. बाळाची वाढ मागे पडायला लागते तीही नेमकी याच आठवड्यांत. नव्या डॉक्टरांसमोर एक पोट आणि एक आकडा एवढंच येतं. हे बाळ पहिल्यापासून बेताचंच वाढतंय, की महिन्याभरापूर्वी चांगलं होतं आणि आता रेंगाळलंय, हे एका आकड्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. निघण्याआधीच पुढची सोनोग्राफी कुठे आणि कोणत्या तारखेला, हे ठरवून टाका. तिथे जवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कोणतं, तेही आईला आत्ताच विचारून ठेवायला सांगा.

आता ‘८ वा पर्सेंटाइल’. याच आठवड्याची शंभर बाळं वजनाच्या क्रमाने मांडली तर तुमचं खालून आठवं येतं, एवढाच त्याचा अर्थ. शंभरांत खालचे दहा असणारच. त्यांतली बरीच बाळं ठणठणीत असतात, आईबापांच्या अंगलोटाप्रमाणे लहान चणीची असतात. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आम्ही डॉक्टर ‘वाढ खुंटली’ म्हणतो ते बाळ मात्र वेगळं. त्याला जेवढं वाढता आलं असतं तेवढं ते वाढत नसतं, बहुतेक वेळा वारेकडून, म्हणजे प्लासेंटाकडून, पुरेसं रक्त मिळत नाही म्हणून.

या दोघांना वेगळं कसं काढायचं, यावर २०१६ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून एक व्याख्या ठरवली. वजन किंवा पोटाचा घेर ३ ऱ्या पर्सेंटाइलच्याही खाली असेल, तर दुसरा पुरावा न शोधता वाढ खुंटली असं धरायचं. ३ ते १० च्या मध्ये असेल तर आणखी काहीतरी बिघडलेलं दिसावं लागतं. ३२ आठवड्यांच्या आत ते नाळेच्या किंवा गर्भाशयाच्या धमनीच्या डॉपलरमध्ये बघतात. ३२ नंतर नाळ आणि मेंदू यांच्या डॉपलरमध्ये, किंवा बाळ आपल्या आधीच्या रेघेवरून पन्नासहून अधिक पर्सेंटाइल घसरलंय का, यात. ही घसरण फार वेळा नजरेतून सुटते. २८ व्या आठवड्यात ७० व्या पर्सेंटाइलवर असलेलं बाळ ३४ व्या आठवड्यात १५ व्यावर आलं, तर रिपोर्टवर ‘ग्रोथ नॉर्मल’ छापून येतं, कारण १५ हे १० च्या वर आहे. मला त्या बाळाची काळजी तुमच्या बाळापेक्षा जास्त वाटेल. दोन्ही वेळा ८-९ वर असलेलं आणि डॉपलर स्वच्छ असलेलं बाळ मी शांतपणे बघत राहीन.

म्हणून तुमच्या फाइलमधले मागचे आकडे हवेत. २० आठवड्यांच्या अॅनोमली स्कॅनमध्ये (अवयवांतले दोष बघायच्या सोनोग्राफीत) पोटाचा घेर किती होता? २८ ला काही केलं होतं का? तेव्हाही बाळ खालच्याच बाजूला असेल तर एक अर्थ, मध्यावर असेल तर दुसरा.

हे १६०० ग्रॅम कुणी काट्यावर मोजलेले नाहीत. डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांवरून सूत्राने काढलेला तो अंदाज आहे. बहुतेक मशीनमध्ये अमेरिकेतल्या डॉ. हॅडलॉक यांचं १९८५ चं सूत्र असतं. यात सगळ्यांत नाजूक माप पोटाच्या घेराचं. पडद्यावर पोटाचा काप गोल यायला हवा, त्यात जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी नाळेची शीर दिसायला हवी, मूत्रपिंडं दिसता कामा नयेत. प्रोब जरा तिरका झाला की गोलाचा लांबोडा होतो आणि घेर उगाच वाढतो. वाढ खुंटलेल्या बाळात आधी पोटच बारीक होतं, कारण यकृतातला साठा संपत जातो. म्हणजे ज्या मापात चूक व्हायची शक्यता जास्त, त्याच मापावर सगळं निदान उभं आहे. बाळ पाठ वर करून बसलेलं, बाहेर वीस पेशंट ताटकळलेले, अशा वेळी दहा टक्के इकडेतिकडे होणं चांगल्या हातातही होतं. तुमचे १६०० म्हणजे खरे १४५० ते १७५० यांतले काहीही असू शकतात.

दोन आठवड्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले त्याचं कारणही हेच. ३२ व्या आठवड्याच्या सुमारास बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. आठ दिवसांत परत मोजलं तर मोजण्यातली चूक आणि खरी वाढ जवळपास सारखीच भरते, हाती काही लागत नाही. डॉपलर लवकर करता येतं, कधी करावंही लागतं, वजनाला मात्र दोन आठवडे द्या. शक्यतो तेच सेंटर आणि तेच हात असावेत. तुमच्या बाबतीत ते जमणार नाही, म्हणूनच रिपोर्ट जपा म्हणते.

आता तारखेचा घोळ. प्रत्येक सोनोग्राफी रिपोर्टवर मशीन स्वतःहून बाळंतपणाची एक नवी तारीख छापतं, त्या दिवशीच्या मापांवरून. बाळ मागे पडलेलं असेल तर ती तारीख पुढे सरकते. मग घरात चर्चा होते, ‘आधी २० तारीख होती, आता दहा दिवस पुढे गेली.’ कुठे कुठे दवाखान्याच्या कार्डावरही नवी तारीख लिहिली जाते. अशी तारीख पुढे ढकलली की खुंटलेलं बाळ कागदावर एकदम नॉर्मल होतं. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून जी तारीख ठरली तीच शेवटपर्यंत धरायची. तुमच्या ८ व्या पर्सेंटाइलचा हिशोब त्याच तारखेवरून झालाय ना, हे डॉक्टरांना विचारा. दहा दिवसांच्या फरकाने ८ चा ३० होऊ शकतो.

पर्सेंटाइल वजनांच्या तक्त्यावरून काढतात. ‘भारतीय बाळांना परदेशी तक्ता का लावता?’ असा पुढचा प्रश्न येतोच. हॅडलॉक यांचा १९९१ चा तक्ता अमेरिकेतल्या ३९२ गरोदरपणांवरून केलेला आहे, बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांच्या. त्यानंतर आलेल्या इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या आठ शहरांत आपलं नागपूर होतं. त्यांचं म्हणणं असं की आईचं पोषण आणि तब्येत चांगली असेल तर कुठल्याही देशातलं बाळ साधारण सारखंच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या तक्त्यात मात्र देशादेशांत फरक दिसले. वाद मिटलेला नाही. माझं मत असं की कोणताही एक तक्ता धरा, पण एका बाळासाठी मध्येच बदलू नका.

आपलं बाळ बारीक असतंच, म्हणून सोडून द्यायचं का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदच्या दशकात गर्भारपणापासून मुलांचा मागोवा घेतला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. शिवाय आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी पडलेले, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी राखलेली. ‘बारीक पण चरबीवालं’ असं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकतं, हे त्या कामातून पुढे आलं. तेव्हा ‘आमच्याकडे असंच असतं’ हे वर्णन म्हणून खरं असलं, तरी त्याने दिलासा मिळावा असं त्यात काही नाही.

आधी का दिसलं नाही? बहुधा तेव्हा नव्हतंच. वाढ खुंटण्याचे दोन प्रकार आहेत. ३२ आठवड्यांच्या आतला प्रकार कमी बायकांत होतो, पण तीव्र असतो, बऱ्याचदा बीपीही वाढलेलं असतं आणि डॉपलर सरळ सरळ बिघडतं. तो सहसा सापडतो. ३२ नंतरचा प्रकार जास्त बायकांत होतो, गुपचूप असतो, नाळेचं डॉपलर नॉर्मल दाखवत राहतो, आणि नवव्या महिन्यात पोटातच बाळ दगावण्याच्या घटनांत त्याचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे पुष्कळ बायकांची शेवटची सोनोग्राफी ३०-३२ ला होते. पुढचे आठ आठवडे फक्त ठोके ऐकून काढले जातात. धोका नेमका त्याच काळात असतो, म्हणून ३६ च्या सुमारास एकदा वाढ बघावी असं मला वाटतं.

केंब्रिजमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात गरज वाटली तरच सोनोग्राफी या पद्धतीने लहान बाळांपैकी २० टक्केच जन्माआधी ओळखली गेली. सगळ्यांचीच शेवटच्या तिमाहीत केली तेव्हा ५७ टक्के. म्हणजे सगळ्यांची सोनोग्राफी करूनही जवळपास निम्मी निसटतात. तुमच्या डॉक्टरांवर लगेच राग काढू नका.

पोट मोजायच्या टेपबद्दल दोन शब्द, कारण तिची किंमत आपण फार कमी केली आहे. २४ आठवड्यांनंतर गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून जांघेतल्या हाडापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांएवढं असतं. लघवी करून आलेल्या बाईला उताणी झोपवायचं, हाताने गर्भाशयाचा वरचा काठ शोधायचा, तिथून टेप खाली आणायची, आणि आकडे पोटाकडे, कोरी बाजू आपल्याकडे ठेवायची. माप घेतल्यावरच उलटून वाचायचं. आकडे समोर असले की हात नकळत ‘बरोबर’ उत्तरावर थांबतो. तीन सेंटीमीटर मागे, किंवा दोन भेटींत माप तिथंच अडकलेलं, तर सोनोग्राफीला पाठवायचं. जाड पोट, जुळं, गाठी असतील तर टेप फसवते. पण नंदुरबार-गडचिरोलीच्या दूरच्या पाड्यावर सोनोग्राफीचं मशीन खांद्याला अडकवून नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नोंदणीकृत केंद्राबाहेर ते चालू देत नाही, आणि त्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. तिथे एएनएम ताईंच्या (गावपातळीवरच्या नर्सच्या) हातातली टेप आणि दर वेळी लिहिलेला आकडा यावरच सगळी भिस्त. एकाच ताईने सलग मोजलं तर ही टेप बरंच काही सांगून जाते.

आता डॉपलर, कारण तुमच्या रिपोर्टमधली खरी चांगली बातमी तीच आहे. नाळेच्या धमनीतलं रक्त बाळाकडून वारेकडे जातं. वार निरोगी असेल तर हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही प्रवाह पुढे सरकत राहतो. वारेतल्या बारीक वाहिन्या बंद पडत गेल्या की हा मधला प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, आणि फारच वाईट झालं तर उलटा फिरतो. पडद्यावर ते टेकड्यांच्या मधली जागा रिकामी झाल्यासारखं दिसतं. दुसरीकडे बाळ स्वतः जुळवून घेत असतं: शहरात पाणीकपात लागली की आपण बागेचा नळ आधी बंद करतो आणि स्वयंपाकघराचा शेवटपर्यंत चालू ठेवतो, तसं ते आतडी, मूत्रपिंडं, कातडी यांचा पुरवठा आखडून मेंदूकडे रक्त वळवतं. मूत्रपिंडांना रक्त कमी म्हणून लघवी कमी, म्हणून भोवतीचं पाणी कमी. मेंदूच्या धमनीत प्रवाह सैल झालेला दिसला की हे चालू झालंय असं समजायचं. उशिराच्या प्रकारात नाळ नॉर्मल आणि मेंदू बदललेला असं होऊ शकतं, म्हणून ३२ नंतर रिपोर्टमध्ये दोन्हींचं गुणोत्तर, सीपीआर, लिहिलेलं आहे का ते बघा. नुसतं ‘डॉपलर नॉर्मल’ असेल तर कोणत्या धमनीचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रोटीन पावडर, अमिनो आम्लाचं सलाईन, आर्जिनिनच्या पुड्या, डाव्या कुशीवर दिवसभर झोपणं: यांतल्या कशानेही बिघडलेली वार सुधारते असा पुरावा नाही. आई खरंच अर्धपोटी असेल तर संतुलित आहाराने बाळाचं वजन थोडं वाढतं. तुम्ही नीट जेवत असाल तर डब्यावरच्या पैशांची अंडी, डाळी, दूध, शेंगदाणे आणा. ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, कमी खा’ असं अजूनही घराघरांत सांगतात. तुमच्याकडे कुणी सांगत असेल तर ते कानाआड करा. ‘पाणी कमी’ म्हणून लावायच्या सलाईनबद्दलही मी साशंकच आहे. पाण्याचा सगळ्यांत खोल कप्पा दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर घाबरण्यासारखं काही नसतं.

सिल्डेनाफिलचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याच्या गोळ्या अजून चिठ्ठ्यांवर दिसतात. रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध वाढ खुंटलेल्या बाळांना मदत करेल म्हणून अनेक देशांत स्ट्रायडर नावाने चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही, आणि नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या गटात बाळांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास झाले होते. कुणी लिहून दिलं तर कशासाठी, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

काय करता येतं? बीपी नियमित मोजा. हिमोग्लोबिन बघा. आणि घरात मिश्री लावायची सवय असेल तर आज बंद करा. हे मी मुद्दाम विचारते, कारण तंबाखू खाता का म्हटलं की ‘नाही’ येतं आणि मिश्री लावता का म्हटलं की मान खाली जाते. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांच्या २००४ सालच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. हे १०५ ग्रॅम वाचवायला औषध लागत नाही.

मग उपाय एकच राहतो, आणि तो म्हणजे बाळाला योग्य वेळी बाहेर काढणं. फार लवकर काढलं तर कच्चेपणाचे धोके, फार थांबलं तर बाळ पोटातच दगावायचा धोका. तुमचं बाळ ८ च्या आसपास राहिलं, डॉपलर स्वच्छ राहिलं, तर ३८-३९ आठवड्यांपर्यंत थांबता येतं. ३ च्या खाली गेलं किंवा नाळेतला रोध वाढला तर ३७ च्या सुमारास. मधला प्रवाह थांबला तर ३२ ते ३४, उलटा झाला तर ३० ते ३२, आणि त्याहीआधीचा प्रसंग असेल तर हृदयाजवळच्या डक्टस व्हेनोसस या शिरेतला प्रवाह आणि ठोक्यांची पट्टी बघून. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं तर आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि अगदी लवकर असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट. सिझरच करावं लागेल असं मुळीच नाही. प्रवाह थांबलेला किंवा उलटा असेल तर सहसा सिझर, नाहीतर ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून कळा आणता येतात.

घाईबद्दलही सांगते. नेदरलँड्समध्ये ३६ आठवड्यांनंतर वाढ कमी वाटणाऱ्या ६५० बायकांत लगेच कळा आणणं आणि लक्ष ठेवून थांबणं यांची तुलना झाली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. बाळांच्या गंभीर त्रासात फरक आढळला नाही, सिझरचं प्रमाणही सारखंच. पण ३८ च्या आत काढलेल्या बाळांना निगराणीत ठेवायची वेळ जास्त आली. डॉपलर चांगलं असताना ३६ व्या आठवड्यात ‘वजन कमी आहे, उद्या सिझर करू’ असं कुणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. अशा काही बाळांचं वजन बाहेर आल्यावर पावणेतीन किलो भरतं आणि ती श्वासाच्या त्रासाने काचेच्या पेटीत जातात.

आधी ओळखल्याने बाळाचं भलं होतं का, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स भागातल्या ९२ हजारांहून अधिक जन्मांच्या २०१३ सालच्या अभ्यासात वाढ नीट असलेल्या गरोदरपणांत हजारी २.४ बाळं पोटातच दगावली. वाढ खुंटलेली पण आधी ओळखलेली असताना ९.७, आणि ओळखलीच नव्हती तिथे १९.८. फरक दुपटीचा आहे. तरी २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या १३ हजारांवर कमी जोखमीच्या बायकांत सर्रास सोनोग्राफी वाढवून पाहिली, तेव्हा लहान बाळं जास्त ओळखली गेली, पण गंभीर परिणाम कमी झाले नाहीत. या दोन निकालांत मला विरोध दिसत नाही. सोनोग्राफी नुसती वाढवली की निरोगी बारीक बाळंही जाळ्यात येतात, आणि ज्यांना खरंच धोका आहे त्यांच्यासाठी पुढचा रस्ता तयार नसेल तर नाव कळून उपयोग होत नाही. रस्ता म्हणजे डॉपलर करणारे हात, रात्री दोनला सिझर करता येईल अशी जागा, आणि खाली नवजात विभागात रिकामी खाट. दीड किलोच्या बाळाला जन्मानंतर अँब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईच्या पोटात असताना नेणं केव्हाही सुरक्षित.

जन्मल्यावर काय होतं? पूर्ण दिवस भरून दोन-सव्वादोन किलोचं, आधी ओळखलेलं बाळ बहुतेक वेळा आईजवळच राहतं. पण पहिले तीन दिवस त्याच्याकडे बारीक लक्ष लागतं. असं बाळ बघताक्षणी ओळखू येतं. डोकं धडाच्या मानाने मोठं, मांड्यांची कातडी सैल, चेहरा म्हाताऱ्यासारखा, डोळे टक्क उघडे. यकृतात साखरेचा साठा नाही, कातडीखाली चरबी नाही, म्हणून साखर पडते आणि अंग गार पडतं. साखर दोन तासांनी टाचेतून मोजायची आणि पुढे ठरावीक वेळांनी, साधारण तीन दिवस. ४५ च्या खाली आली तर दूध, गरज पडली तर शिरेतून ग्लुकोज. पोटात ऑक्सिजन कमी पडल्यामुळे काही बाळांचं रक्त दाट झालेलं असतं, त्यांना कावीळही जास्त होते. पहिल्या तासात आईचं चिकाचं दूध द्यायचं. मध, साखरपाणी, गुटी यांतलं काहीही नको. बाळाला आंघोळ घालायची घाई नको. आणि उघड्या छातीशी कांगारूसारखं धरायचं. भारतासह पाच देशांतल्या २०२१ च्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं धरल्याने मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि ती चाचणी त्यामुळेच वेळेआधी थांबवली गेली. १८०० ग्रॅमच्या आतलं बाळ सरकारी व्यवस्थेत जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) ठेवतात, तिथेही आईने छातीशी धरायचा आग्रह सोडू नये.

लवकरच्या, तीव्र प्रकाराचं चित्र अवघड असतं, पण लोक समजतात तेवढं काळं नाही. युरोपातल्या ट्रफल नावाच्या अभ्यासात २६ ते ३२ आठवड्यांच्या पाचशेवर बायका होत्या, बाळं साधारण एक किलोची. ९२ टक्के जगली, आणि दोन वर्षांच्या तपासणीत सुमारे ८२ टक्के बाळं मेंदूच्या मोठ्या दोषाशिवाय होती. ते आकडे उत्तम सोयी असलेल्या केंद्रांतले आहेत, आपल्या सगळ्या तालुक्यांना लागू होणार नाहीत. या बाळांत आतड्यांचा दाह, फुप्फुसांचा जुना त्रास, दृष्टिपटलाचा आजार यांचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे दूध हळूहळू वाढवणं आणि महिन्याच्या आत डोळ्यांची तपासणी या दोन गोष्टी चुकवायच्या नसतात.

घरी आल्यावर दुसरा मोह सुरू होतो: बाळ बारीक आहे, लवकर गुटगुटीत करा. बहुतेक लहान बाळं दोन वर्षांत आपोआप उंची भरून काढतात. वरच्या पावडरींनी फुगवलेलं बाळ दिसायला छान दिसतं, पण पुण्याचं काम आठवा, चरबीची घाई त्याच्या कामाची नाही. सहा महिने निव्वळ आईचं दूध, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लोह आणि ड जीवनसत्त्व, आणि दर भेटीत वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही मोजून घ्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीत पोटाचा घेर वीस मिलिमीटरच्या आसपास वाढलेला दिसला, नाळ-मेंदूचं गुणोत्तर ठीक असलं, तर निश्चिंत राहा आणि ३६ ला परत बघा. वाढ दहा मिलिमीटरच्या आत अडकली तर भेटी आठवड्यावर येतील आणि डॉपलर वारंवार होईल. मधल्या काळात बाळाची हालचाल तुम्हाला रोज जशी जाणवते त्यापेक्षा स्पष्ट कमी वाटली, तर गोड खाऊन, कुशीवर पडून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, बरगडीखाली दुखणं यांनाही तोच नियम, कारण वार बिघडली की आईचं बीपी मागोमाग चढू शकतं.

आणि बाळंतपण झाल्यावर वजन खरंच खूप कमी भरलं, तर वार फेकून न देता पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. त्यातून पुढच्या वेळचं बरंच कळतं. एकदा वाढ खुंटलेली असेल तर दुसऱ्या खेपेला ती शक्यता जास्त असते. त्या वेळी १६ आठवड्यांच्या आत डॉक्टरांकडे जा, कारण रात्री घ्यायची १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन सुरू करायची असेल तर ती तेव्हाच सुरू करावी लागते, नंतर तिचा फारसा उपयोग राहत नाही.